पाणी तापत नाही, म्हणजे नेमकं काय होत नाही?

जानेवारीत पारा दहाच्या खाली घसरला की निफाडकडच्या द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. घडांना थंडी बाधू नये म्हणून शेतकरी धूर करत जागा असतो. त्याच पहाटे इकडे नाशिक शहरात, गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत, न्हाणीघरांच्या दारातून एकच वाक्य ऐकू येतं: "पाणी तापत नाहीये." दिवस उजाडला की फोन सुरू होतात. वायरमनला, प्लंबरला, कंपनीला, सोसायटीच्या वॉचमनला, जो नंबर हाताशी असेल त्याला.

या एका वाक्यात निदान सहा-सात निरनिराळे बिघाड दडलेले असतात. पाणी अजिबात तापत नाही. तापतं, पण लवकर संपतं. तापतं, पण गरम नळाला धार येत नाही. गिझर लावला की घरभर अंधार होतो. गिझरखाली रात्रभर ठिबक लागते. नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. प्रत्येकाचं कारण निराळं आणि म्हणून कारागीरही निराळा. आपण मात्र सगळ्यांवर एकच उपाय सांगतो, "गिझरवाल्याला बोलवा." मग जो येतो तो त्याला येतं ते काम करून जातो. प्लंबर नळ बदलतो, वायरमन कॉइल बदलतो, पैसे जातात आणि पाणी गारच राहतं. यात त्या कारागिराचा दोष थोडा आणि आपल्या अर्धवट तक्रारीचा जास्त.

जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये न्हाणीत तांब्याचा बंब असायचा. मधोमध जाळाचं नळकांडं, भोवती पाणी, खाली राख पडायची जाळी. वरून गार पाणी ओतायचं, तोटीतून कढत पाणी घ्यायचं. काय बिघडलं ते डोळ्यांना दिसायचं. जाळ नीट नाही, काजळी धरली, तोटी गळते, कल्हई उडाली. आणि दुरुस्तीला माणूसही एकच, तांबट. आताचा पांढरा गिझर म्हणजे तीन धंदे एका डब्यात कोंबलेले आहेत: टाकी हे भांड्याचं काम, नळ्या हे पाण्याचं काम आणि कॉइल-थर्मोस्टॅट (पाणी तापवणारी कांडी आणि ठरल्या उष्णतेला वीज तोडणारा भाग) हे विजेचं काम. डबा बंद असतो, म्हणून बाहेरून दिसणाऱ्या खुणा वाचायला शिकावं लागतं.

पहिली खूण पाहायची ती अशी की हा खरंच बिघाड आहे का. थंडीतल्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी म्हणजे निव्वळ हिशेब असतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात २८ अंशांच्या आसपास असतं, जानेवारीच्या पहाटे ते १५ अंशांवर येतं. १५ लिटरचा, २००० वॉटचा गिझर ६० अंशांवर लावलेला असेल तर उन्हाळ्यात तो साधारण १७ मिनिटांत तापतो, थंडीत २३-२४ मिनिटं घेतो. त्याहून मोठा फरक पुढे आहे. अंघोळीचं पाणी आपण ४० अंशांच्या आसपास घेतो, म्हणजे कढत पाण्यात गार मिसळतो. उन्हाळ्यात १५ लिटर कढत पाण्याचं अंघोळीजोगं पाणी ४० लिटर होतं. थंडीत तेच २७ लिटर होतं, कारण मिसळायचं पाणीही गार आणि त्यामुळे ते कमी मिसळता येतं. दोन बादल्या देणारा गिझर थंडीत सव्वा बादली देतो, आणि त्याला काहीही झालेलं नसतं. अशा घरी कॉइल बदलून फरक पडणार नाही. दोन अंघोळींमध्ये २५ मिनिटं थांबायचं, नाहीतर २५ लिटरचा गिझर घ्यायचा.

व्होल्टेजचाही यात हात असतो. शहराच्या कडेला, नव्या वस्त्यांत, सकाळी सगळ्यांचे गिझर आणि मोटरी एकदम चालू होतात तेव्हा दाब २३० वरून २०० व्होल्टवर आला, तर २००० वॉटची कॉइल जेमतेम १५०० वॉट देते. २३ मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जातं. मोबाइलचं चार्जिंग चालू राहतं, दिवे लागतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. इथे तक्रार महावितरणकडे करायची असते.

तीन लिटरचा, ३००० वॉटचा इन्स्टंट गिझर तर स्वयंपाकघरातल्या भांड्यांसाठी आहे. १५ अंशांचं पाणी ४० अंशांवर नेत तो मिनिटाला पावणेदोन लिटरच देऊ शकतो. २० लिटरची बादली भरायला ११-१२ मिनिटं लागतात. नळ पूर्ण सोडला की पाणी कोमट येणारच.

आता खरा बिघाड. पाणी अजिबात तापत नाही तेव्हा आधी दिवे पाहावेत. बहुतेक गिझरवर एक दिवा वीज आल्याचा आणि एक तापत असल्याचा असतो. एकही दिवा लागत नसेल तर वीज गिझरपर्यंत पोचत नाही, किंवा आतला कटआउट पडला आहे. एमसीबी (बोर्डवरचा, भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पाहा, मग त्याच सॉकेटमध्ये इस्त्री लावून पाहा. इस्त्री तापली तर सॉकेट चांगलं आणि दोष आत आहे. तापण्याचा दिवा तासभर लागलेला आहे आणि पाणी गारच, तर बहुधा कॉइल तुटली. दिवा पाच-सात मिनिटांत विझतो आणि पाणी कोमटच, तर थर्मोस्टॅट लवकर तोडतो आहे. एवढं पाहून फोन केला तर येणारा माणूस योग्य सुटा भाग बरोबर घेऊन येतो आणि एक फेरी वाचते. गिझरचं कव्हर उघडणं मात्र घरच्या माणसाचं काम नाही.

कारागिराने कव्हर उघडल्यावर काय करायला हवं, हे ठाऊक असलं की काम पाहताना भरवसा वाटतो. मेन बंद करून, तारा सोडवून त्याने मल्टिमीटर लावावा. २००० वॉटच्या चांगल्या कॉइलचा रोध साधारण २६ ओहम येतो, ३००० वॉटचा १७-१८. काहीच आकडा येत नसेल तर कॉइल तुटली. कॉइलचं एक टोक आणि तिचं धातूचं अंग यांच्यात जोड दिसला तर ती लीक आहे, तापत असली तरी बदलायलाच हवी. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. टेस्टर टेकवून, दिवा लागलेला पाहून "कॉइल गेली" म्हणणारा माणूस अंदाज करतो आहे. टेस्टर वीज आहे एवढंच सांगतो, कॉइलबद्दल काहीच सांगत नाही.

कटआउट पुन्हापुन्हा पडत असेल आणि दरवेळी कुणी येऊन त्याचं बटण दाबून जात असेल, तर ती दुरुस्ती झाली नाही. कटआउट हा शेवटचा रखवालदार आहे. पाणी हद्दीबाहेर तापतं म्हणून तो पडतो. थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटले आहेत किंवा त्याच्या नळीवर क्षारांचा थर बसून त्याला पाण्याची खरी उष्णता कळत नाही, हे दोन संशयित आधी पाहायचे. कटआउट काढून सरळ तार जोडून देणारे महाभागही असतात. तसं केलेलं दिसलं तर तो गिझर त्या क्षणी बंद करावा. आत पाणी उकळून वाफेचा दाब चढला तर टाकी फुटते.

क्षारांचा विषय आला आहे तर इथे जरा थांबायला हवं, कारण नाशिकच्या गिझरांचं खरं दुखणं तेच आहे. गंगापूर धरणाचं, महापालिकेच्या नळाचं पाणी तुलनेने हलकं. पण कितीतरी सोसायट्यांत त्यात बोअरचं पाणी मिसळतं, उन्हाळ्यात टँकरचं, तेही पुष्कळदा विहिरीचंच. काळ्या खडकाच्या भेगांतून मुरलेल्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. गार पाण्यात ते दिसत नाहीत. पाणी तापलं की कॅल्शियमचा क्षार चुनखडीच्या रूपाने बाहेर पडतो आणि सगळ्यांत गरम जागा धरतो, म्हणजे कॉइल. स्टीलच्या पातेल्यात रोज पाणी उकळलं की तळाला पांढरं किटण धरतं, तेच हे.

हा थर उष्णता अडवतो. कॉइल आत लाल होते, पाण्याला मात्र उशिरा कळतं. मग गिझरमधून खदखद, कडकड असे आवाज येतात. थराखाली अडकलेलं पाणी वाफ होऊन फुटतं त्याचा तो आवाज. पुढे कॉइलच्या नळीला बारीक तडा जातो, आतल्या पांढऱ्या पावडरीत ओल शिरते आणि वीज अंगात उतरते. म्हणजे आधी वेळ वाढतो, मग आवाज येतो, मग आरसीसीबी (वीज गळली की आपोआप पडणारा स्विच) पडायला लागतो. हा क्रम लक्षात ठेवला तर पहिल्या पायरीवरच थांबवता येतं.

बोअरचं पाणी असेल तर गिझर वर्षातून एकदा उघडून साफ करावा, नळाचं असेल तर दोन-तीन वर्षांनी चालतं. काम असं: वीज बंद, इनलेटचा (गार पाणी आत येण्याचा) कॉक बंद, टाकी रिकामी, खालची फ्लँज (कॉइल धरणारी, बोल्टांनी आवळलेली चकती) उघडून कॉइल बाहेर. टाकीच्या तळातून चुन्याच्या पापुद्र्यांची ओंजळभर रास निघते, कधी तसराळंभर. कॉइल लिंबूसत्वाच्या पाण्यात ठेवावी. लिटरभर कोमट पाण्याला ५० ग्रॅम, तास-दोन तास. फेस येतो, थर मऊ होतो, नायलॉनच्या ब्रशने निघतो. पितळी बंब दिवाळीआधी चिंचेने घासायचे, तसलंच हेही आंबट आम्ल. संडास साफ करायचं ॲसिड वापरून पाच मिनिटांत काम उरकणारा कारागीर आला तर त्याला हात लावू देऊ नये. ते ॲसिड चुन्याबरोबर कॉइलची नळी आणि स्टीलची टाकीही खातं.

बंद करताना गॅस्केट (फ्लँजच्या सांध्यातलं रबर) नवं हवं, जुनं उलटं करून नव्हे. बोल्ट समोरासमोरचे आवळायचे, एका कडेने गोल फिरत नाही, नाहीतर फ्लँज तिरकी बसते आणि आठवड्याने गळते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: आधी पाणी भरायचं, गरम नळातून हवा जाऊन अखंड धार येईपर्यंत, मगच स्विच. कोरडी कॉइल काही सेकंदांत जळते.

त्याच वेळी ॲनोड पाहून घ्यावा. मॅग्नेशियमची ही कांडी टाकीच्या बदल्यात स्वतः गंजते. कांडी झिजून आतली तार दिसायला लागली की बदलायची. ती संपल्यावर गंज टाकीकडे वळतो. गिझरमधला हा सर्वांत स्वस्त भागांपैकी एक आहे आणि सर्वांत महागड्या भागाचं रक्षण करतो, तरी वर्षानुवर्षं कुणी त्याची चौकशी करत नाही.

आता पाण्याच्या बाजूचे बिघाड. गार नळाला भरपूर धार आणि गरम नळाला करंगळीएवढी, तर दोष गिझरच्या वाटेवर आहे: इनलेटचा अँगल कॉक अर्धा बंद, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) अडकलेला, जोडनळीत चुन्याचे कण किंवा नळाच्या टोकाची जाळी तुंबलेली. हे सगळं प्लंबरचं. आधी जाळी स्वतः काढून धुवावी. दोन्ही नळांना धार बारीक असेल तर गिझरला बोल लावू नये. गच्चीवरची टाकी आणि नळ यांच्यात दर मजल्याला साधारण ०.३ बार दाब मिळतो; सर्वांत वरच्या मजल्यावर तो तेवढाच राहतो. तिथे टाकीची उंची किंवा प्रेशर पंप हाच उपाय. पंप बसवला तर मात्र गिझरवर लिहिलेला दाब तपासून घ्यावा.

पाणी तापतं पण नळाला कोमटच येतं, हे कोडं लोकांना सर्वांत जास्त खर्चात पाडतं. त्यासाठी एक चाचणी आहे, पान्हासुद्धा लागत नाही. गिझरच्या इनलेटचा कॉक पूर्ण बंद करा आणि मिक्सरचा (गार-गरम पाणी मिसळणाऱ्या जोडनळाचा) फक्त गरम नळ उघडा. गिझरमध्ये पाणी जातच नाही, तेव्हा काही क्षणांत धार थांबायला हवी. तरीही पाणी येत राहिलं, तर ते मिक्सरमधून किंवा डायव्हर्टरमधून (पाणी शॉवरकडे वळवणाऱ्या कॉकमधून) गार लाइनचं घुसतं आहे. गिझर निर्दोष आहे. मिक्सरचा कार्ट्रिज किंवा स्पिंडल बदलायचा. हँड शॉवर नुसता त्याच्या बटणावर बंद ठेवायचा आणि मागचे दोन्ही कॉक उघडेच ठेवायचे, या सवयीनेही हेच होतं.

धार थांबली आणि तरीही पाणी कोमट, तर दोन शक्यता उरतात. नवीन बसवलेल्या गिझरच्या नळ्या उलट जोडल्या असतील. निळं कडं गार पाण्याचं, लाल कडं गरम पाण्याचं, हे पाहून घ्यावं. जुन्या उभ्या गिझरमध्ये गरम पाणी वरून उचलणारी आतली नळी तडकलेली असू शकते, मग ती तळाचं गार पाणीच ओढते. ती फ्लँज उघडल्याशिवाय दिसत नाही.

ठिबकण्याचंही तसंच. सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडातून तापताना थोडं पाणी येणं हे त्याचं काम आहे. १५ लिटर पाणी १५ अंशांवरून ६० वर गेलं की सुमारे पाव लिटरने फुगतं आणि त्याला कुठेतरी जावं लागतं. त्या तोंडाला बूच मारणं म्हणजे कुकरची शिट्टी दाबून धरणं. गिझर बंद असतानाही गळत असेल तर व्हॉल्व्हच्या बैठकीत कण अडकला आहे किंवा लाइनचा दाब जास्त आहे. खालच्या फ्लँजच्या कडेने पाणी आलं तर गॅस्केट. बाहेरच्या पत्र्याच्या सांध्यातून, गंजाचे डाग घेऊन पाणी आलं तर आतली टाकी फुटली. तिथे डाग देऊन घेण्यात पैसे घालू नयेत. वॉरंटी पाहावी, संपली असेल तर गिझर बदलावा.

विजेच्या बाजूला घाई करायची नसते, पण एका बाबतीत क्षणभरही थांबायचं नसतं. नळाला, शॉवरला, पाण्याला झिणझिणी जाणवली की ओल्या अंगाने स्विच शोधत बसू नये; बाहेर येऊन मेन बंद करावा. तपासणी होईपर्यंत "जरा वेळ चालू करून पाहू" नको.

बोर्डवरचा कोणता स्विच पडला ते सांगता आलं पाहिजे. एमसीबी लावताक्षणी पडला तर शॉर्ट. दहा-पंधरा मिनिटांनी पडला तर जादा भार किंवा कुठेतरी ढिली, तापणारी जोडणी. आरसीसीबी पडला तर वीज जमिनीकडे गळते आहे. गिझरची पिन काढल्यावर तो टिकला तर गळती गिझरमध्ये. आरसीसीबी ३० मिलिॲम्पिअरचा असावा. तो "सारखा पडतो" म्हणून काढून टाकणं हा न्हाणीघरातला सर्वांत वाईट निर्णय.

२००० वॉटला पावणेनऊ ॲम्पिअर लागतात, ३००० वॉटला १३. म्हणजे १६ ॲम्पिअरचं सॉकेट आणि किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, लांब पल्ला असेल तर चार. सहा ॲम्पिअरच्या सॉकेटमध्ये गिझर लावलेला असेल तर प्लग पिवळा पडतो, मग काळा, मग वितळतो. नुसता प्लग बदलून ते थांबत नाही. २००० वॉटच्या गिझरला "लवकर तापेल" म्हणून ३००० वॉटची कॉइल टाकून घेणं हेही त्याच वाटेचं.

अर्थिंग हा शब्द सगळे वापरतात, तपासतात फार थोडे. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट असेल तर फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच यायला हवेत, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये चार-पाच व्होल्टपर्यंतच. हे मोजमाप गिझर चालू असताना घ्यावं. जुन्या घरांत अर्थची तारच नसते आणि कुणीतरी सॉकेटच्या मागे अर्थची पिन न्यूट्रलला जोडून दिलेली असते. मीटर लावला तर सगळं ठीक दिसतं. ज्या दिवशी न्यूट्रल तुटेल त्या दिवशी गिझरच्या अंगात पूर्ण २३० व्होल्ट येतात. म्हणून सॉकेट उघडून पाहणारा वायरमन मला मीटर दाखवणाऱ्यापेक्षा जवळचा वाटतो.

गॅस गिझरबद्दल आधी एक गोष्ट, मग बाकीचं. तो न्हाणीघराच्या आत नको. लहान बंद खोलीत त्याची ज्योत हवेतला प्राणवायू संपवते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं, आणि कडी उघडायची शुद्ध राहत नाही. थंडीत आपण खिडकीची तावदानंही लावून घेतो, म्हणून धोका थंडीतच जास्त. एक्झॉस्ट फॅन लावला की भागतं, हा समज चुकीचा आहे. हवा यायला वाट नसेल तर तो जळका वायूही आत ओढू शकतो. गॅलरीत, मोकळ्या हवेत गिझर बसवून गरम पाण्याची नळी आत आणणं एवढंच मान्य करावं.

बिघाड बहुतेक साधे असतात. नळ सोडल्यावर टकटक आवाजच येत नाही, तर बॅटऱ्या संपल्या किंवा पाण्याचा दाब कमी. वरच्या मजल्यावर हे नेहमीचं. दाब चांगला असूनही आवाज नाही, तर आतलं रबरी डायफ्रॅम फाटलं. टकटक होते पण पेटत नाही, तर गॅसची वाट पाहा. काही मिनिटांनी आपोआप विझतो, तर त्यातल्या टायमरने वेळ संपवली असेल, २० मिनिटांचा असतो पुष्कळांत. ज्योत निळी हवी. पिवळी, काजळी धरणारी ज्योत दिसली की बंद करून मेकॅनिक बोलवावा. ज्या वसाहतींत आता पाइपचा गॅस आला आहे, तिथे सिलिंडरचा गिझर तसाच जोडून चालत नाही. दोन्ही वायूंच्या जेटची भोकं वेगळ्या मापाची आणि दाबही वेगळा. हे रूपांतर गिझरच्या कंपनीच्या किंवा गॅस कंपनीच्या माणसाकडूनच. प्लंबर कितीही हुशार असला तरी गॅसच्या नळीला त्याचा हात लागू नये. सिलिंडरचा गॅस गळाल्याचा वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, स्विचला हात नाही आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन.

सोलरचं थोडक्यात. पहाटे नळ सोडल्यावर आधी गार पाणी येतं, कारण गच्चीपासून नळापर्यंतच्या नळीत रात्रीचं पाणी उभं असतं. पाऊण इंची नळीत मीटरला साधारण ०.३ लिटर, म्हणजे २५ मीटरला साडेसात-आठ लिटर. ते बादलीत धरावं, गार पाणी लागणारच असतं. रात्री कढत असलेलं पाणी सकाळी कोमट होत असेल तर गरम पाणी गार टाकीकडे परत जातं आहे; तिथला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाहावा. नळ फुसफुसतो, थांबून थांबून येतो, तर हवा अडकली. व्हेंटची नळी गार टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच आहे ना, ते पाहावं. काचेच्या नळीचं टोक चंदेरी असतं. ते पांढरं पडलं की तिच्यातली निर्वात पोकळी गेली, ती नळी बदलायची. दुपारच्या उन्हात रिकाम्या तापलेल्या नळ्यांत गार पाणी सोडलं तर त्या तडकतात, म्हणून भरणं पहाटे किंवा सूर्यास्तानंतर. आणि गरम लाइन सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची) हवी. साधी पीव्हीसी मऊ पडून सांध्यात सुटते.

आता माणूस निवडायचा. आयटीआयमध्ये वीजतंत्री, तारतंत्री आणि नळ कारागीर हे वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत. सातपूरच्या आयटीआयमधून शिकून बाहेर पडलेली मुलं शहरात काम करतात, "कुठला ट्रेड केला, दादा?" हा प्रश्न सरळ विचारता येतो आणि ज्याने केला तो आनंदाने सांगतो. घराची नवी लाइन ओढायची, अर्थिंग करायचं, तर परवानाधारक विद्युत ठेकेदार. गिझर वॉरंटीत असेल तर फक्त कंपनीचा माणूस. बाहेरच्याने उघडला की वॉरंटीवर वाद होतो. बऱ्याच वॉरंटी कार्डांवर पाण्याच्या कठीणपणाची मर्यादाही छापलेली असते, बोअरवाल्यांनी ती वाचून ठेवावी. कंपनीचा नंबर गिझरवरच्या स्टिकरवरून किंवा कार्डावरूनच घ्यावा. नेटवर शोधून मिळणाऱ्या नंबरांत भामट्यांचे नंबर मिसळलेले असतात. फोनवर आधी पैसे, ओटीपी किंवा मोबाइलमध्ये ॲप मागणारा माणूस दुरुस्तीला येणार नाही.

फोनवर सांगायचं ते असं सांगावं: "दादा, १५ लिटरचा उभा गिझर आहे, २००० वॉट, सहा वर्षं झाली. बोअरचं पाणी येतं. दिवा लागतो, एमसीबी पडत नाही, पण अर्ध्या तासाने पाणी कोमटच. इनलेट बंद करून पाहिला, धार थांबते." एवढ्या चार ओळींत निम्मं निदान झालेलं असतं. चांगला कारागीर आपण न सांगता हेच विचारतो: किती लिटरचा, किती जुना, पाणी कुठलं, कितव्या मजल्यावर. काहीच न विचारता किंमत सांगणाऱ्यापेक्षा हा माणूस उशिरा आला तरी परवडतो.

येण्याचे पैसे, कामाचे पैसे आणि सुट्या भागाचे पैसे वेगवेगळे विचारून घ्यावेत. कॉइल, थर्मोस्टॅट आयएसआय खुणेचे असावेत, बिलावर वॉट लिहून घ्यावेत. काढलेला जुना भाग आपल्याकडे ठेवून घ्यायचा. यात अविश्वास नाही, तो भाग आपलाच आहे. कारागीर जायच्या आधी गिझर पूर्ण तापू द्यावा. गार असताना कोरडी दिसणारी फ्लँज तापल्यावर, दाब चढल्यावर पाझरते. एक बादली भरून पाहावी, सॉकेटजवळ हात नेऊन ते तापलं नाही ना ते पाहावं. या अर्ध्या तासात त्याला चहा द्यावा आणि काय सापडलं ते विचारावं. बहुतेक कारागिरांना कुणी हे विचारतच नाही, आणि विचारलं तर ते मनापासून सांगतात.

हे सगळं करायला चांगला काळ म्हणजे दसऱ्याच्या आधीचे दिवस. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला सगळ्या शहराचे गिझर एकदम लागतात, आणि मार्चपासून बंद पडलेल्या टाकीत तोवर थर कडक झालेला असतो, व्हॉल्व्ह चिकटलेला असतो. दिवाळीच्या आठवड्यात कारागिराला दिवसाला दहा घरं असतात. तो घाईने काम करतो, दुकानात हवी ती कॉइल संपलेली असते. सप्टेंबरात तोच माणूस निवांत बसून फ्लँज घासतो. पहिल्यांदा चालू करताना साचलेलं जुनं पाणी दोन बादल्या सोडून द्यावं, मग तापवावं. आणि काम झालं की गिझरच्या कुशीवर मार्करने तारीख लिहावी: कॉइल कधी, गॅस्केट कधी, ॲनोड कधी, किती वॉट. पुढच्या वेळी जो कोणी शिडी लावून वर चढेल, त्याच्या नजरेला ते आधी पडेल.